मागचा डावा शॉकअप ओला, उजवा कोरडा: नेमका गेलाय कोणता?

कच्चीवाट
नमस्कार मंडळी. गाडी फोर बाय फोर आहे, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). ९२ हजार किलोमीटर झालेत, चारही शॉकअप कंपनीतून आलेलेच आहेत. त्यातला निम्म्याहून जास्त प्रवास खडी, चिखल आणि पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यांवरचा.

परवा गाडी धुतल्यावर खाली वाकून बघितलं तर मागचा डावा शॉकअप वरच्या डस्ट कव्हरपासून थेट खालच्या बुशपर्यंत (टोकाच्या जोडातलं रबर) काळा पडलेला. बोट फिरवलं तर तेल आणि धूळ मिळून झालेला चिकटा हाताला लागला. उजवा मात्र कोरडा, रंगही जागच्या जागी.

त्रास असा आहे: जोरात खड्डा गेला की मागचा भाग दोन-तीनदा डोलतो. खडीवरच्या वळणात मागची बाजू बाहेर सरकते, आणि खडबडीत उतारावर ब्रेक दाबला की एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) पूर्वीपेक्षा फार लवकर किरकिरायला लागतं. एका गॅरेजात दाखवली. त्यांनी मागचा कोपरा जोर लावून दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. ते म्हणाले, शॉकअप चांगले आहेत, डावा गळतोय तेवढा बदलून टाकू.

मला हे पटलेलं नाही. याच गाडीत घरचे सगळे बसतात, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही. एकच बदलावा, दोन की चारही? आणि बदलण्याआधी मी स्वतः काय तपासू शकतो?

बारातेरा
आधी ती गळती आहे की पाझर, एवढं ठरवा. खरं तर या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत रोज होते.

शॉकअपचा रॉड सीलमधून वरखाली होतो तेव्हा त्याच्यावर तेलाचा अगदी पातळ थर राहावाच लागतो. तो नसेल तर सील कोरडं घासून फाटेल. त्या थरातलं थोडं तेल बाहेर येतं, नळीच्या वरच्या भागात पसरतं आणि त्याच्यावर धूळ बसते. हा पाझर. हात लावला तर मळकट लागतो, ओला लागत नाही. त्यासाठी शॉकअप बदलायची गरज नाही. गळती म्हणजे ओघळ. तेल खालपर्यंत उतरतं, त्यावरची माती भिजलेली असते, कधी खालच्या बुशशी थेंब लटकलेला दिसतो.

तुमच्या वर्णनावरून गळतीच वाटते, पण खात्री करा. कापडावर ब्रेक क्लीनर घेऊन शॉकअप पूर्ण पुसा. फवारा थेट सीलवर मारू नका. मग चार-पाच दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि पांढरा टिश्यू वरून खाली फिरवा.

आणखी एक, हे विसरू नका: ते तेल शॉकअपचंच आहे का? मागच्या चाकाचं ब्रेक सिलिंडर किंवा अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळत असेल तर तेच तेल उडून शॉकअपवर बसतं. ब्रेक ऑइलची पातळी बघा, चाकाची आतली बाजू बघा. तिथे ओल असेल तर शॉकअपचा विषय बाजूला ठेवून आधी ते काम करा, कारण ते ब्रेकचं काम आहे.

जुनागॅरेज
गॅरेजवाल्यांनी कोपरा दाबून बघितला, त्यात वाईट हेतू नसणार, सगळेच करतात. पण पाट्याच्या गाडीत त्या चाचणीवर विसंबू नका.

पाटे एकमेकांवर घासतात. ते घर्षणच गाडीचं डोलणं थांबवतं. सुरुवातीच्या मोटारींना वेगळा शॉकअप नसायचा, पाट्यांच्या घर्षणावरच भागायचं. पुढे चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या बोल्टने आवळलेले घर्षणाचे शॉकअप आले आणि तेलाचे त्यानंतर. तेव्हा शॉकअप पूर्ण मेलेला असला तरी पाट्याची गाडी हाताने दाबल्यावर एकदाच डोलून थांबू शकते. शिवाय हाताने दाबण्याचा वेग किती? शॉकअपचा विरोध रॉडच्या वेगावर ठरतो. खड्ड्यात रॉड ज्या वेगाने आत जातो तो हाताने कधीच येत नाही. या चाचणीत गाडी तीन-चारदा डोलली तर शॉकअप गेला हे नक्की. एकदाच डोलली तर काहीच कळलं नाही असं समजायचं.

मग कळणार कसं? उष्णतेवरून. स्प्रिंग किंवा पाटा वजन पेलतो, हालचाल थांबवतो तो शॉकअप. तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. जो काम करतो तो तापतो, जो करत नाही तो थंड राहतो. लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर १०-१५ किलोमीटर न थांबता चालवा, गाडी उभी करा आणि लगेच चारही शॉकअपचं तापमान मोजा. दुरून मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर हाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन अंदाज घ्या, थेट पकडू नका. चांगला तापलेला शॉकअप हात भाजतो. चारही नळ्यांवर सारख्याच उंचीवर मोजा आणि डाव्याची तुलना उजव्याशी करा. पुढच्या-मागच्याची तुलना करू नका, त्यांचं काम आणि आकार वेगळे असतात.

चिखलचाक
माझं मत सरळ आहे. ९२ हजार झालेत, त्यातला निम्मा प्रवास कच्च्या रस्त्यावरचा. बरेच उत्पादक ८० हजारांच्या आसपास बदला किंवा निदान तपासून घ्या म्हणतात, तेही चांगल्या रस्त्यांसाठी. चारही बदला, अलाइनमेंट करून घ्या, मोकळे व्हा. थर्मामीटर घेऊन फिरण्यात आठवडा जाईल आणि तोवर तुम्ही त्याच गाडीतून घरच्यांना नेणार.

घाटवेडी
चिखलचाक, घरच्यांच्या काळजीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तोवर लांबचा प्रवास नकोच, वेग आणि ओझं दोन्ही कमी ठेवावं. पण कारण न शोधता चारही बदलायचे, हे मी एकदा केलंय आणि त्याचा मनस्ताप अजून लक्षात आहे.

माझ्या आधीच्या गाडीला उंची वाढवायला ५० मिलिमीटर जास्त कमानीचे पाटे बसवले होते. शॉकअप गळाले, चारही नवे घातले, चांगले होते. ११ हजार किलोमीटरमध्ये मागचे दोन्ही परत गळायला लागले. मी बनवणाऱ्याला दोष देत बसले. शेवटी एका जाणत्या माणसाने मोजायला लावलं. चाक हवेत लोंबकळू दिलं की माझा शॉकअप पूर्ण लांब होऊन ताणला जात होता आणि सगळ्या अ‍ॅक्सलचं वजन शॉकअपच्या रॉडवर लटकत होतं. प्रत्येक मोठ्या खड्ड्यातून बाहेर येताना पिस्टन आतून टोपणावर आदळत होता. त्यात सील किती टिकणार?

म्हणून कच्चीवाट, तुमच्या गाडीची उंची वाढवली आहे का? जास्तीचे पाटे घातलेत का? बंप स्टॉप, म्हणजे अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेले रबरी ठोकळे, शाबूत आहेत का? हे बघितल्याशिवाय नवे शॉकअप घालू नका, नाहीतर त्यांचीही तीच गत होईल.

कच्चीवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. उंची वाढवलेली नाही, पाटे मूळचेच. बाकी सांगितलं तसं केलं.

आधी पुसून घेतला. चार दिवसांत १६० किलोमीटर झाले. टिश्यू फिरवला तर डस्ट कव्हरच्या खालून दोन बोटांइतका रुंद ओघळ थेट मध्यापर्यंत, टिश्यू आरपार भिजला. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर, चाकाची आतली बाजू कोरडी ठणठणीत, अ‍ॅक्सलच्या टोकाशीही काही नाही. म्हणजे गळती आहे आणि शॉकअपचीच आहे.

मग तापमान. नातेवाइकाकडून थर्मामीटर आणला. १२ किलोमीटर लाटांचा रस्ता, वेग सारखा ठेवला, हवा २९ अंश. आकडे असे आले:

पुढचा डावा ६१, पुढचा उजवा ५९. मागचा डावा, म्हणजे गळणारा, ७४. मागचा उजवा, कोरडा, ३८.

मी तीनदा मोजलं. गळणारा सगळ्यांत गरम आणि कोरडा जवळपास थंड. मला उलटं अपेक्षित होतं. थर्मामीटर चुकतोय का?

बारातेरा
थर्मामीटर चुकू शकतो, म्हणून दोन शंका आधी मिटवू या.

पहिली: चकाकत्या धातूवर हे थर्मामीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, मळलेल्या काळ्या पृष्ठभागावर बरोबर दाखवतात. तुमचा डावा तेलाने काळा झालाय, उजवा स्वच्छ. उजव्याचा रंग घासला जाऊन पत्रा उघडा पडला असेल तर आकडा फसवा येईल. चारही शॉकअपना एकाच उंचीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मोजा.

दुसरी: सायलेन्सरची नळी कोणत्या बाजूने जाते? ती डाव्या शॉकअपजवळून जात असेल तर तिच्या धगीनेही तो तापेल.

कच्चीवाट
दोन्ही बघितलं. टेप लावून आज पुन्हा तोच रस्ता, तेवढंच अंतर. डावा ७६, उजवा ४१. आणि सायलेन्सर उजव्या बाजूने जातो! म्हणजे त्याची धग लागूनही उजवा एवढाच तापला.

जुनागॅरेज
मग उत्तर मिळालं. तुमचा उजवा शॉकअप मेलेला आहे आणि तो बऱ्याच दिवसांपूर्वी मेलाय. डावा दोघांचं काम करत होता, म्हणून तो इतका तापायचा. रोजच्या त्या तापाने सीलचं रबर कडक होतं, मग ते रॉडला धरत नाही आणि तेल सुटतं. गॅरेजने सांगितलं तसं फक्त डावा बदलला असता तर उजव्या बाजूला मेलेला शॉकअप तसाच राहिला असता. नव्या डाव्यावर पुन्हा दोघांचा भार आला असता आणि काही महिन्यांत तुम्ही पुन्हा इथेच आला असता.

कोरडा शॉकअप मरतो कसा, हे नीट सांगतो, कारण बाहेरून तेल दिसलं नाही की माणसं निर्धास्त होतात. आत पिस्टन आहे, त्याच्या भोवती घट्ट बसणारी पट्टी आहे, पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह आहेत. ट्विन ट्यूबमध्ये, म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्या शॉकअपमध्ये, तळाशी आणखी एक व्हॉल्व्ह असतो, दाबतानाचा विरोध बराचसा तो सांभाळतो. पट्टी झिजली, चकती वाकली किंवा तळाचा व्हॉल्व्ह सुटला तर तेल छिद्रांतून जाण्याऐवजी बाजूने मोकळं निघून जातं. तेल तेवढंच आहे, बाहेर थेंब नाही, पण विरोध संपला. गॅसचं तर आणखी वेगळं. ट्विन ट्यूबमध्ये गॅस वरच्या बाजूला सीलजवळच असतो, त्यामुळे तो तेलाच्या आधी निसटू शकतो. दाब गेला की जोरदार हालचालीत तेलाला फेस येतो, आणि फेस छिद्रातून सहज जातो.

आता एक गोष्ट नक्की बघा. उजव्या बाजूचा बंप स्टॉप. अ‍ॅक्सल वर येऊन चासीला जिथे लागतो तिथला रबरी ठोकळा. तो तपासून सांगा.

कच्चीवाट
काका, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. उजव्या बाजूला ठोकळाच नाही. नुसती लोखंडी पट्टी आणि तिच्यावर गंजलेला बोल्ट. अ‍ॅक्सलवर बरोबर त्याच्या खाली धातूला चकाकता खळगा पडलाय, नखाने जाणवतो. डावा ठोकळा आहे, थोडा चिरलेला. उजवा कधी पडला मला कळलंही नाही. मोठ्या खड्ड्यात ‘ठण्’ असा आवाज गेलं वर्षभर येत होता आणि मी तो सामानाचा समजत होतो. फार वाईट वाटलं.

जुनागॅरेज
वाईट वाटून घेऊ नका. तो ठोकळा कुणी बघतच नाही, सर्व्हिसच्या यादीतही बहुतेक वेळा नसतो. पण शॉकअपचं आयुष्य त्याच्यावर असतं. तो नसला की अ‍ॅक्सल जागेपेक्षा दोन-तीन बोटं जास्त वर जातो, आणि तेवढी जागा शॉकअपच्या आत नसते. पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात हातोडा मारल्यासारखं.

मागचे दोन्ही काढा. काढल्यावर हाताने चाचणी करा. शॉकअप उभा धरा, रॉड वर, आणि पूर्ण आत-बाहेर पाच-सहा वेळा करा. आडव्या ठेवलेल्या ट्विन ट्यूबमध्ये गॅस आतल्या नळीत शिरतो, तो आधी निघू द्यायचा, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या मोजायच्या नाहीत. त्यानंतर सगळीकडे सारखा, न अडखळणारा विरोध हवा. ओढताना जास्त आणि दाबताना कमी असेल तर ते योग्यच आहे, बहुतेक शॉकअप तसेच बनवतात. मध्येच मोकळं गेलं तर गेला.

ओझेवाहू
काढण्याआधी माझं ऐका. मी गाडीमागे जड ट्रेलर ओढतो, शॉकअपचं काम घरी करतो, आणि यात मित्राचा हात थोडक्यात वाचलेला बघितलाय.

पाट्याच्या अ‍ॅक्सलला तुमचं काम सोपं आहे. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक. बऱ्याच गाड्यांत चाक न काढता, गाडी चाकांवर उभी असतानाच मागचा शॉकअप निघतो. जॅक लावायचा असेल तर चासीखाली स्टँड ठेवल्याशिवाय शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये. नुसत्या जॅकवर नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

ज्यांच्या मागे कॉइल स्प्रिंग आहे त्यांच्यासाठी: तिथे अनेकदा अ‍ॅक्सलला खाली जाण्यापासून शॉकअपच रोखतो. दोन्ही शॉकअप एकदम सोडले तर अ‍ॅक्सल खाली येतो, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते आणि स्प्रिंग जागेवरून उडू शकते. अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवून, एका वेळी एकच बाजू करायची.

आणि पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं स्ट्रट असेल तर त्याच्या वरच्या मधल्या नटला घरी हात लावू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. ते काम स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणीच.

कच्चीवाट
आज सुट्टी होती, दोन्ही काढले. खालचा नट गंजला होता, रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं म्हणून सुटला.

उजवा उभा धरला आणि दाबला. काहीच नाही. सायकलच्या पंपाचं टोक मोकळं असताना दांडा जसा आत जातो तसा रॉड आत गेला. वर ओढला तर आधी थोडा अडला, मध्यावर साधारण चार सेंटिमीटर नुसताच सरकला, मग पुन्हा अडला. सहा फेऱ्यांनंतरही तेच. हलवला तर आत काहीतरी खुळखुळतंय. आत दाबून सोडला तर तिथेच राहिला, स्वतःहून वर आला नाही.

डावा वेगळा. विरोध दोन्हीकडे जाणवतो, पण वरच्या टोकाला थोडा मोकळा. डस्ट कव्हर खालून फुटलेलं होतं, ते काढून रॉड बघितला. क्रोमवर एकाच बाजूला सात-आठ बारीक खड्डे, त्यात गंजाचे ठिपके. नख फिरवलं की अडकतं. खडी थेट रॉडवर लागत असणार. म्हणजे सील तापाने कडक झालं आणि वरून हे खड्डे त्याला किसत होते. दोन्ही कारणं एकत्र.

वरच्या बुशांचं रबरही अंडाकार झालंय. मागचे टायर हाताने चाचपले. उजव्या टायरच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर उंच-सखल लागतं, बशीसारखे खळगे. रस्त्यावर ऐकू येणारी घरघर बहुतेक त्याचीच.

बारातेरा
हो, ती त्याचीच. चाक रस्त्याला दाबून धरलं जात नाही, उड्या मारत चालतं, आणि प्रत्येक उडीनंतर टायरचा एकच भाग घासतो. तुमचं एबीएस लवकर सुरू होण्याचं कारणही हेच. चाक हवेत असताना ब्रेक लावला की ते अडकतं, एबीएस ब्रेक सोडतं, आणि तेवढा वेळ गाडी थांबत नाही. शॉकअप म्हणजे आरामाची वस्तू असं समजणाऱ्यांना मी हेच सांगतो: तो ब्रेकचा भाग आहे असं धरून चाला.

चिखलचाक
माझा सल्ला घाईचा होता, हे मान्य करतो. चारही बदलले असते तरी बंप स्टॉपचा घोळ तसाच राहिला असता. आता नवे घेताना काय घ्यायचं त्यावर बोलू. मी मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉकअप, वापरतो आणि खूश आहे. लाटांच्या रस्त्यावर दोन तास चालवलं तरी मऊ पडत नाहीत.

जुनागॅरेज
मोनोट्यूब चांगलेच. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असतं म्हणून उष्णता लवकर बाहेर जाते. गॅस तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे बंद असतो म्हणून तेलात मिसळत नाही. १९५० च्या दशकात ही रचना गाड्यांत आली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पण गॅसचा दाब साधारण १५ ते ३० बार असतो, टायरच्या कितीतरी पट. सीलवर तो ताण कायम असतो. आणि मोठा दगड लागून बाहेरच्या नळीला पोचा आला तर पिस्टन तिथेच अडकतो, कारण पिस्टन त्याच नळीत चालतो. ट्विन ट्यूबला तेवढाच पोचा आला तरी आतली नळी वाचण्याची शक्यता असते. जास्त दगडधोंड्यांत, कमी वेगात चालवणाऱ्याला चांगला, जाड ट्विन ट्यूब पुरतो. मोकळ्या कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास वेगात जाणाऱ्याला मोनोट्यूबचा फायदा कळतो. तुमचा रस्ता कोणता, त्यावर ठरवा.

घाटवेडी
आणि कडक म्हणजे चांगला, या समजुतीने घेऊ नका. मागे कायम सामान नसेल तर जड ओझ्यासाठी केलेला शॉकअप रिकाम्या गाडीला उडवेल. नव्याची पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी जुन्याशी ताडून बघा. मिटताना बंप स्टॉप आधी लागला पाहिजे, शॉकअप नंतर. नवा स्टॉपर दोन्ही बाजूंना घाला, चिरलेला डावा ठेवू नका.

ओझेवाहू
बसवताना ज्या चुका मी स्वतः केल्यात त्या सांगतो. रॉड फिरू नये म्हणून तो पक्कडीत कधीही धरायचा नाही. एक ओरखडा पुरे, महिन्याभरात गळती. रॉडच्या टोकाला पान्यासाठी सपाट भाग दिलेला असतो, तिथेच धरायचं. गॅसचा शॉकअप पट्टी बांधून येतो, ती एक टोक बसवल्यावरच कापायची, आणि कापताना चेहरा बाजूला ठेवायचा.

दोन्ही टोकांना डोळ्यासारखा गोल बुश असेल तर बोल्ट आधी नुसते हाताने लावा. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा हलवा, आणि मग शेवटचं आवळा. चाक लोंबकळत असताना आवळलं तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच पाळा. जुने शॉकअप कुणाला जाळायला, वेल्डिंग करायला किंवा भोक पाडायला देऊ नका. आत दाब असू शकतो, तेल तर असतंच.

कच्चीवाट
धागा वर काढतोय, कारण शेवट सांगायचा राहिला होता.

मागचे दोन्ही नवे, जाड ट्विन ट्यूब घेतले, कारण माझे रस्ते दगडांचे जास्त आहेत. दोन्ही बंप स्टॉप नवे. बसवण्याआधी जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून लांबी मोजली, मिटलेली आणि उघडलेली दोन्ही जुळली. पुढच्यांचं तापमान सारखं होतं, कोरडे आहेत, डस्ट कव्हर शाबूत आहेत, म्हणून पुढचे ठेवले. मागचे टायर पुढे घेतले नाहीत, खळगे पडलेला एक बदलला.

७०० किलोमीटर झाले. परवा तोच १२ किलोमीटरचा रस्ता, टेप तीच, हवा ३० अंश. मागचा डावा ५७, उजवा ५८. तो एक अंश बहुतेक सायलेन्सरचा. ठण् आवाज गेला. त्याच उतारावर ब्रेक दाबला, एबीएस फक्त अगदी खालच्या सैल खडीत लागलं. मागच्या सीटवर आई होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. उतरताना म्हणाली, आज मान दुखली नाही.

काल टिश्यू फिरवला. वरच्या दोन बोटांत किंचित मळकट, खाली कोरडा. बारातेरा, हा पाझर ना?

बारातेरा
हाच पाझर. शिवाय नव्या शॉकअपवर जोडणीच्या वेळचं थोडं तेल-ग्रीस राहिलेलं असतं, तेही असू शकतं. पुसून ठेवा, १० हजारला पुन्हा टिश्यू. मोठ्या चिखलातून आलात की डस्ट कव्हरच्या आत साध्या पाण्याने हलकेच धुवा. वाळलेला चिखल रॉडवर कानशीसारखा चालतो. पण शॉकअप गरम असताना नाही, गार झाल्यावर. आणि लाटांच्या रस्त्यावर टायरची हवा थोडी कमी करून वेग उतरवला तर निम्मे गचके टायरच झेलतो. पक्क्या रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायची.

चिखलचाक
हे वाचून मी काल माझी गाडी बघितली. चारही शॉकअप दोन्ही बाजूंना सारखे तापतात, दोन अंशांचा फरक. पण मागच्या उजव्या बाजूचा बंप स्टॉप अर्धा तुटून लोंबत होता. दोन्ही मागवलेत, ते येईपर्यंत डोंगरात जात नाही.